चौदाव्या वर्षी कृष्ण!

हीरोने नुसते ओठ हलवायचे आणि गाणार दुसराच, ही सोय १९३२ मध्ये नव्हती. पार्श्वगायन अजून यायचं होतं. कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता स्वतःच गायचं! भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये हे काम केलं आपल्या नगरच्या शाहू मोडकने. वय अवघं चौदा. राधा होती शांता आपटे. सिनेमा मुंबईत पंचवीस आठवडे चालला आणि पोरगा स्टार झाला.

गंमत म्हणजे हा कृष्ण घरचा ख्रिस्ती. २५ एप्रिल १९१८ ला नगरमध्ये जन्मलेला. पण पडद्यावर मुकुट चढला की प्रेक्षकांना दिसायचा तो फक्त कृष्ण. पुढे त्याने तब्बल २९ वेळा कृष्ण रंगवला.

१९३३ च्या ‘औट घटकेचा राजा’त त्याने डबल रोल केला. आपल्या बोलपटांतला तो पहिला मानला जातो. देवाचा शिक्का बसूनही १९३९ मध्ये व्ही. शांतारामांच्या ‘माणूस’मध्ये तो वेश्येच्या प्रेमात पडणारा साधा पोलीस झाला. आणि लगेच १९४० मध्ये प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’!

ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला. तो ज्ञानेश्वर घराघरांत पोचवला नगरच्याच एका ख्रिस्ती तरुणाने आणि लोकांनी त्याला हात जोडले. १९९३ मध्ये शाहू मोडक गेले. नेवाशाला पैस खांब बघायला जाल, तेव्हा हा सिनेमा आधी बघून जा.