खडकांचा अभ्यासक, सरड्यांचा संग्राहक

नंदुरबारच्या परिसरात फिरताना शेताशिवारांच्या मधूनच काळ्या पाषाणाच्या लांबच लांब, अरुंद टेकड्या उभ्या दिसतात. कोणी बांधलेल्या भिंती वाटाव्यात, अशा त्या सरळ रेषेत जातात. जमिनीला पडलेल्या भेगांतून वर आलेला लाव्हा आतच थिजला, भोवतालचा खडक काळाच्या ओघात झिजला आणि या भिंती उघड्या पडल्या. तापी ओलांडून शहादा, तळोदा मागे टाकले की सातपुड्याचे चढ सुरू होतात. पलीकडे अक्राणीचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी नर्मदा. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, हा मुलूख खानदेश जिल्ह्याचा पश्चिम भाग होता आणि तापीकाठी रेल्वे यायला अजून तीनेक दशके अवकाश होता, तेव्हा तापीचे आणि खालच्या नर्मदेचे खोरे एका इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने सरकारी कामासाठी पालथे घातले. विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड हे त्यांचे नाव. त्यांची नेमणूक होती खडकांसाठी. त्यांचे नाव मात्र भूगर्भशास्त्राइतकेच सरडे, साप आणि बेडूक यांच्या अभ्यासातही कायमचे राहिले.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचा कारखाना घराला लागूनच होता आणि मुलाने तोच चालवावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तरुणपणी काही काळ ते इटलीत एका व्यापारी पेढीवर होते. परत आल्यावर वडिलांच्या व्यवसायात शिरले, पण रमले नाहीत. लंडनमध्ये नव्यानेच सुरू झालेल्या खाणविद्येच्या शाळेत त्यांनी नाव घातले. धाकटा भाऊ हेन्रीही त्याच शाळेत होता. पुढे जर्मनीतील फ्रायबर्ग येथे एक वर्ष शिक्षण घेऊन १८५५ मध्ये दोघे भाऊ एकदमच भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. हेन्री यांची वाट नंतर हवामानाकडे वळली. भारत सरकारच्या हवामान खात्याचे ते पहिले प्रमुख झाले आणि हिमालयातील बर्फाचा मोसमी पावसाशी असलेला संबंध त्यांनी मांडला. थोरल्या भावाने मात्र डोंगर सोडले नाहीत.

ओरिसातील तालचेरच्या कोळसा क्षेत्रात काम करताना मातीच्या बारीक थरात रुतलेले मोठमोठे गोटे ब्लॅनफर्ड बंधूंच्या पथकाला आढळले. हे गोटे बर्फाने वाहून आणले असावेत, असा तर्क त्यांनी केला. उष्ण कटिबंधातल्या भारतात कधीकाळी हिमनद्या होत्या, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. ती पुढे खरी ठरली.

ब्रह्मदेशातील काम आटोपल्यावर १८६२ च्या सुमारास त्यांच्याकडे मुंबई इलाख्याचे काम आले. त्या काळी सर्वेक्षणाची रीत ठरलेली होती. पावसाळा संपला की तंबू, बैल, माणसे घेऊन निघायचे, उन्हाळा डोक्यावर येईपर्यंत भटकायचे आणि पावसाळ्यात कलकत्त्याला परतून नकाशे व अहवाल लिहायचे. सातपुड्याच्या पायथ्याचे रान हिवतापासाठी कुप्रसिद्ध होते. वाटा होत्या त्या भिल्ल, पावरा यांच्या पाड्यांना जोडणाऱ्या. वाटाड्यांवाचून त्या रानात एक मुक्कामही पुढे जाणे कठीण. कोणत्या कपारीत घोरपड असते आणि कोणत्या पानगळीत फुरसे दडते, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्या माणसांची नावे त्या काळच्या ग्रंथांत क्वचितच सापडतात.

या भटकंतीचे फलित म्हणजे तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ. तो १८६९ मध्ये सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला. दख्खनचा काळा पाषाण समुद्राखाली साचला की उघड्या जमिनीवर वाहिला, हा तेव्हा वादाचा विषय होता. लाव्हा उघड्यावरच वाहिला, दोन थरांच्या मधल्या शांततेच्या काळात तेथे गोड्या पाण्याची तळी होती आणि त्यांत जीवसृष्टी नांदत होती, अशी ब्लॅनफर्ड यांची मांडणी होती. मुंबईकरांना हे वाचून वरळी आठवावी. वरळीच्या खडकात अशाच एका प्राचीन तळ्यातील चिमुकल्या बेडकांचे अवशेष सापडले होते. त्यांच्या सांगाड्यांवरील लेखही त्याच सहाव्या खंडात आहे आणि तो लिहिला होता ब्लॅनफर्ड यांचे खात्यातील सहकारी फर्डिनांड स्टोलिक्झ्का यांनी.

या दोघांचा स्नेह हा भारतातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासातील एक जिव्हाळ्याचा अध्याय आहे. स्टोलिक्झ्का मूळचे मोराव्हियाचे. १८६२ मध्ये ते कलकत्त्याला आले. दोघांचेही पोटापाण्याचे काम दगडांचे आणि दोघांचाही जीव जिवंत प्राण्यांत. दिवसभर खडक फोडायचे आणि त्याच फिरतीत जो सरडा, जी पाल, जो बेडूक दिसेल तो टिपून स्पिरिटच्या बाटलीत ठेवायचा, असा त्यांचा क्रम असे. प्राण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी त्यांना मारावे, हे आजच्या वाचकाला खटकेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगीवाचून असे काही केल्यास खटलाच उभा राहील. पण रानात सहज वापरता येतील अशी छायाचित्रणाची साधने नसलेल्या त्या काळात, हाती नमुना असल्याशिवाय एक जात दुसरीहून वेगळी आहे, हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

१८७० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ब्लॅनफर्ड यांचा मध्य भारतातील सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांवरील दीर्घ लेख आला. चाळीसएक पानांचा हा लेख म्हणजे त्या प्रदेशातील या प्राण्यांच्या आरंभीच्या शास्त्रीय नोंदींपैकी एक. त्यात त्यांनी बारीक खवल्यांचा एक छोटा, चपळ सरडा जगापुढे आणला. त्याचे आजचे शास्त्रीय नाव ओफिसॉप्स मायक्रोलेपिस. त्याला आपल्यासारखी उघडझाप करणारी पापणी नाही. पापणी डोळ्यावर पारदर्शक काचेसारखी घट्ट बसलेली असते, म्हणून त्याची नजर सापासारखी स्थिर वाटते. ओफिसॉप्स या शब्दाचा अर्थही सर्पासारख्या डोळ्यांचा, असाच आहे. पुढच्याच वर्षी स्टोलिक्झ्का यांनी एका खडकाळ रानातील सरड्याला मित्राचे नाव दिले. विणीच्या हंगामात या सरड्याच्या नराचे डोके आणि मान लालभडक होते. सॅमोफिलस ब्लॅनफर्डानस हे नाव तो आजही मिरवतो.

त्यानंतर तीनच वर्षांत स्टोलिक्झ्का गेले. यारकंदला गेलेल्या सरकारी मोहिमेबरोबर ते मध्य आशियात गेले होते. परतीच्या वाटेवर, काराकोरम ओलांडून लडाखमध्ये उतरताना विरळ हवेने त्यांचा बळी घेतला. १९ जून १८७४ चा तो दिवस. वय अवघे ३६. त्यांनी जमवलेल्या प्राण्यांच्या पेट्या आणि टिपणे मात्र कलकत्त्याला पोहोचली. त्या पेट्यांतील सरपटणारे प्राणी आणि उभयचर ब्लॅनफर्ड यांनी एकेक करून तपासले. त्यांचा ग्रंथ १८७८ मध्ये निघाला, पाठोपाठ सस्तन प्राण्यांचाही. ज्या मित्राने आपले नाव एका सरड्याला दिले, त्याचे अपुरे राहिलेले काम त्यांनी पूर्ण केले.

स्वतः ब्लॅनफर्ड यांची भ्रमंतीही थोडीथोडकी नव्हती. १८६८ मध्ये ॲबिसिनियावर चालून गेलेल्या मुंबई इलाख्याच्या सैन्याबरोबर ते भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून गेले. लढाई आटोपल्यावरही ते तेथे प्राणी गोळा करीत राहिले. १८७२ मध्ये इराणच्या सीमा आयोगाबरोबर बलुचिस्तानातून तेहरानपर्यंतचा प्रवास झाला. इराण आणि त्या टापूतील अनेक पाली व सरड्यांची पहिली शास्त्रीय वर्णने त्यांच्याच लेखणीतून उतरली. याखेरीज पुण्याहून नगर, जालना, लोणार, यवतमाळमार्गे नागपूरपर्यंतच्या वाटेवरील खडकांचा वृत्तांतही त्यांनी लिहिला आहे. महाराष्ट्राचा इतका मोठा पट्टा पायांखालून घातलेला शास्त्रज्ञ त्या काळात विरळाच.

या प्राण्यांकडे सरकार त्या वेळी कोणत्या नजरेने पाहत होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. सर्पदंशाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी साप मारून आणणाऱ्यास रोख बक्षीस मिळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याबरोबर कितीतरी बिनविषारी साप या बक्षिसापायी मारले गेले असतील. सापाची ओळख पटवणारे, हाताशी बाळगता येईल असे पुस्तक मात्र नव्हते. गुंथर यांचा १८६४ चा ग्रंथ मोलाचा होता, पण तो लंडनच्या संग्रहालयातील नमुन्यांवर बेतलेला आणि आकाराने अवजड. त्यानंतरच्या वीस वर्षांत नव्या जातींची वर्णने नाना नियतकालिकांत विखुरली होती.

ही उणीव दूर करण्याचे काम ब्लॅनफर्ड यांच्या वाट्याला आले आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम तेच मानावे लागेल. भारतातील प्राणिसृष्टीवर सरकारने ग्रंथमाला काढावी, असे निवेदन १८८१ मध्ये डार्विन, हूकर, हक्सले यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या सह्यांनी सादर झाले होते. १८८२ मध्ये निवृत्त होऊन लंडनला परतलेल्या ब्लॅनफर्ड यांच्यावर तिचे संपादन सोपवण्यात आले. सस्तन प्राण्यांचा खंड त्यांनी स्वतः लिहिला. सरपटणारे प्राणी आणि उभयचर यांचा खंड ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज बूलेंजर यांच्याकडून लिहून घेतला. हा खंड १८९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील कित्येक दशके या देशात साप किंवा बेडूक ओळखू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याचाच आधार होता. लेखक बूलेंजर होते हे खरे, पण भारतातील कोणता प्राणी कोणत्या रानात, कोणत्या उंचीवर आढळतो, याचे सत्तावीस वर्षांच्या पायपिटीतून आलेले ज्ञान संपादकाकडे होते.

पक्ष्यांच्या खंडांचे काम अर्धवट राहिले, तेव्हा तिसरा आणि चौथा खंडही ब्लॅनफर्ड यांनीच लिहिला. १८९५ च्या तिसऱ्या खंडातील घुबडांमध्ये रानपिंगळाही आहे. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला तो पश्चिम खानदेशात मिळाला होता. त्यानंतर शतकाहून अधिक काळ तो नाहीसा झाला, असेच समजले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो पुन्हा दिसला, तोही शहाद्याजवळ. त्यानंतर सात महिन्यांनी, १ जुलै १९९८ रोजी, धुळ्यातून वेगळा काढून नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. रानपिंगळ्यामुळे सातपुड्याच्या या भागाकडे अभ्यासकांची पावले वळली. पालीसरड्यांना असे भाग्य सहसा लाभत नाही.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेचे ते अध्यक्ष झाले. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीचे पदक मिळाले. त्याच वर्षी भारत, सिलोन आणि ब्रह्मदेशातील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या वाटणीवर त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. कोणता प्राणी कोठे संपतो आणि का संपतो, याचे उत्तर त्यांनी डोंगर, पाऊस आणि भूतकाळातील हवामान यांत शोधले. तालचेरचे गोटे आणि मध्य भारतातले सरडे त्यांच्या मनात एकाच हिशेबात मांडलेले होते.

ज्या नर्मदेच्या खोऱ्याचा त्यांनी ग्रंथ लिहिला, त्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचा नदीकाठ आता पूर्वीचा राहिलेला नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने मणिबेलीसह या जिल्ह्यातील ३३ गावांच्या जमिनी गिळल्या. २०१९ मध्ये धरण प्रथमच पूर्ण उंचीपर्यंत भरले. नदीच्या धारेवरचे उघडे कातळ, त्यांच्या कपारी आणि काठची झाडी, म्हणजे पाली, सरडे, कासवे यांची वस्तीस्थाने, पाण्याखाली आहेत. बुडण्यापूर्वी तेथे नेमके काय काय होते, याची पुरेशी यादी कोणी केली असती तर ती आज कामी आली असती. ब्लॅनफर्ड त्या मुलखात खडकांसाठी गेले होते. प्राणी त्यांनी वाटेत मिळतील तसे वेचले.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते शंखशिंपल्यांच्या खंडावर काम करीत होते. २३ जून १९०५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा तो अपुराच होता. हेन्री गॉडविन-ऑस्टिन या जुन्या सहकाऱ्याने तो पुरा केला आणि १९०८ मध्ये दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला.