प्रवासी घरी परततो

आफ्रिका खंडाच्या वायव्य टोकाला, जेथे भूमध्य समुद्र आणि अटलांटिक महासागर एकमेकांस मिळतात, तेथे टँजिअर नावाचे बंदर आहे. मोरोक्को देशातील या गावी इ. स. १३०४ मध्ये इब्न बतूताचा जन्म झाला. त्याचे घराणे काझींचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रानुसार न्यायनिवाडा करणाऱ्या विद्वानांचे होते. त्यानेही तेच शास्त्र शिकावे, आपल्याच मुलखात न्यायदान करावे आणि तेथेच वृद्ध व्हावे, अशी त्याच्या आयुष्याची वाट जणू आधीच आखलेली होती.

इ. स. १३२५ च्या जून महिन्यात, एकवीस वर्षांचा असताना, मक्केच्या यात्रेसाठी तो घराबाहेर पडला. बरोबर कोणी सोबती नव्हता, की तांड्याचा आधार नव्हता. आईवडील दोघेही हयात होते. त्यांचा निरोप घेताना त्याला फार जड गेले. यात्रा आटोपून हा लवकरच परत येईल, असेच त्या मातापित्यांना वाटले असेल. प्रत्यक्षात तो परतला चोवीस वर्षांनी.

आरंभीचे दिवस कष्टाचे गेले. वाटेत त्याला ताप भरला. अशक्तपणामुळे जनावरावरून खाली पडू नये म्हणून त्याने आपल्या फेट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराशी बांधून घेतले. पण तो मागे फिरला नाही. पुढे ट्यूनिस शहर आले, तेव्हा तांड्याचे स्वागत करण्यास गावकरी सामोरे आले. जो तो आपल्या ओळखीच्या माणसास भेटू लागला, क्षेमकुशल विचारू लागला. इब्न बतूताला मात्र कोणीच विचारीना, कारण त्या शहरात त्याला ओळखणारे कोणीच नव्हते. त्याला रडू कोसळले. ते पाहून एका यात्रेकरूने जवळ येऊन त्याची विचारपूस केली आणि गावात पोहोचेपर्यंत तो त्याच्याशी बोलत राहिला. घराच्या आठवणीने भर रस्त्यात रडणारा हा तरुण पुढे जगातील थोर प्रवाशांत गणला जाईल, असे त्या दिवशी कोणास वाटले असते काय?

परंतु तेच घडले. ट्यूनिसहून यात्रेकरूंचा तांडा निघाला, तेव्हा विद्वान म्हणून त्यालाच तांड्याचा काझी नेमण्यात आले. रोज नवा मुक्काम, नवी माणसे, नवी भाषा. पाहता पाहता तो या जीवनात रमला. मक्का त्याने दुसऱ्याच वर्षी पाहिली. पण तेथून घराकडे न वळता तो इराक आणि इराणकडे गेला. एकदा चाललेल्या वाटेने शक्यतो पुन्हा जावयाचे नाही, असा नियमच त्याने स्वतःस घालून घेतला होता. आफ्रिकेचा पूर्व किनारा, तुर्कांचा मुलूख, कॉन्स्टँटिनोपल, मध्य आशियातील थंडगार मैदाने, हिंदुकुशाची बर्फाच्छादित शिखरे हे सर्व मागे टाकून इ. स. १३३३ मध्ये तो सिंधू नदीच्या तीरावर येऊन पोहोचला.

त्या वेळी दिल्लीच्या गादीवर महंमद तुघलक होता. परदेशी विद्वानांचा तो मोठा चाहता होता. त्याने इब्न बतूताला वार्षिक बारा हजार दिनार वेतन देऊन दिल्लीचा काझी केले. पद मोठे होते, मान मोठा होता. परंतु हा सुलतान जितका उदार, तितकाच भयंकर. एका साधूस भेटल्याच्या संशयावरून त्याची मर्जी फिरली आणि इब्न बतूताभोवती पहारेकरी बसले. या संकटातून तो वाचला. पण दरबाराचा त्याला वीट आला. आपल्याजवळचे सर्व काही वाटून टाकून तो काही महिने फकिरासारखा राहिला. त्याला या विरक्तीतून बाहेर काढण्याची युक्ती सुलतानाला बरोबर साधली. या माणसाला प्रवासाची किती आवड आहे हे तो ओळखून होता. चीनच्या बादशहाकडे आपला वकील म्हणून जाशील का, असे त्याने विचारताच फकिराची वस्त्रे उतरली.

या प्रवासात आपल्या महाराष्ट्राचीही त्याला ओळख झाली. दौलताबादचा कड्यावरचा किल्ला त्याने पाहिला. त्या किल्ल्यातील तुरुंगात मांजरांहूनही मोठे उंदीर असल्याचे तो सांगतो. तेथील द्राक्षे आणि डाळिंबेही तो विसरलेला नाही. नंदुरबारला त्याला मराठे लोक भेटले. ते कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी असल्याची, तसेच भात, भाजी आणि तिळाचे तेल हे त्यांचे अन्न असल्याची त्याने नोंद केली आहे. पुढे कालिकतच्या किनाऱ्यावर वादळ झाले आणि बादशहासाठी नेलेल्या नजराण्याचे जहाज फुटले. त्याचे स्वतःचे सामान ज्या जहाजावर होते, तेही त्याला किनाऱ्यावर सोडून निघून गेले. त्याच्याजवळ उरले दहा दिनार आणि अंथरायची एक सतरंजी. तरीही मालदीव, सिंहलद्वीप, बंगाल, सुमात्रा असे करीत तो चीनपर्यंत गेला.

इ. स. १३४८ मध्ये तो पुन्हा दमास्कसला आला. ऐन तारुण्यात तो तेथे राहिला होता. या प्रवाशाने ठिकठिकाणी विवाह केले आणि पत्नी व मुले यांना मागे ठेवून तो पुढे निघून गेला. त्याच्या चरित्राची ही उणी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. दमास्कसमध्येही त्याने आपली एक गरोदर पत्नी सोडली होती. तिला मुलगा झाल्याचे त्याला हिंदुस्थानात असताना कळले होते. आता त्याने चौकशी केली, तेव्हा तो मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारल्याचे समजले. त्याच शहरात टँजिअरचा एक विद्वान भेटला. त्याच्याकडून आणखी एक वार्ता कळली. वडिलांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. आई मात्र अद्याप जिवंत होती.

याच सुमारास प्लेगच्या महामारीने त्या प्रदेशात थैमान घातले. दमास्कसमध्ये एका दिवसात दोन हजारांहून अधिक माणसे दगावल्याचे त्याने नमूद केले आहे. ओळखीची कितीतरी माणसे नाहीशी झाली होती. आई वाट पाहत आहे हे कळूनही तो थेट घरी गेला नाही. मिसरमार्गे त्याने पुन्हा एकदा मक्केची यात्रा केली. त्यानंतर मात्र त्याला घराची अनावर ओढ लागली. आपली माणसे आणि आपला देश सर्वांहून प्रिय, असे त्याला वाटू लागले. परतताना अलेक्झांड्रियाचे जगप्रसिद्ध दीपगृह त्याने पुन्हा पाहिले. पूर्वी त्याची एकच बाजू पडलेली होती. आता ते इतके ढासळले होते, की आत शिरण्यासही वाट उरली नव्हती.

इ. स. १३४९ च्या अखेरीस तो मोरोक्कोत आला. राजधानी फेज काही मजलांवर राहिली असता, ताझा नावाच्या गावी त्याला कळले की आपली आई प्लेगने वारली. काही महिन्यांचेच अंतर पडले होते.

फेजला जाऊन त्याने सुलतान अबू इनान याची भेट घेतली. मग तो टँजिअरला गेला. चोवीस वर्षांपूर्वी ज्या गावातून तो निघाला, तेच ते गाव. परंतु ज्यांच्यासाठी यावयाचे, ते कोणीही तेथे नव्हते. आईच्या कबरीचे त्याने दर्शन घेतले. आपल्या देशाची त्याने तोंड भरून स्तुती केली आहे. येथील फळे गोड, धान्य स्वस्त आणि राज्य न्यायी, हे दाखवण्यासाठी त्याने दूरदूरच्या देशांतील भाव देऊन हिशेबही मांडला आहे. ही स्तुती खोटी नसावी. तरीसुद्धा या सुखी देशात तो स्वस्थ राहू शकला नाही.

टँजिअर सोडून तो शेजारच्या सेउटा बंदरात गेला. तेथे तीन महिने आजारी होता. बरा होताच समुद्र ओलांडून तो स्पेनमध्ये उतरला. जिब्राल्टर, मालागा आणि ग्रानाडा ही शहरे त्याने पाहिली. ग्रानाडातील एका बागेत काही विद्वान मंडळी जमली होती. इब्न बतूता त्यांना आपल्या प्रवासाच्या हकीगती सांगू लागला. ऐकणाऱ्यांत इब्न जुझय्य नावाचा एक तरुण लेखक होता. प्रवाशाच्या तोंडून येणारी नावे तो टिपून घेत होता. या तरुणाची पुढे पुन्हा गाठ पडावयाची होती.

स्पेनहून परत आला तरी त्याचे पाऊल घरात ठरेना. ज्याने पंचवीस वर्षे उद्याचा मुक्काम कोणता, याच विचारात रात्री काढल्या, त्याला रोजचा तोच दरवाजा आणि तीच गल्ली कशी पुरावी? मनाची ही तगमग त्याने कोठे उलगडून सांगितलेली नाही. आपण मात्र ती त्याच्या वर्तनावरून ओळखू शकतो. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. आईवडील नव्हते, मक्का पाहून झाली होती, कोणत्याही राजाने धाडले नव्हते. तरी त्याने सहाराच्या वाळवंटापलीकडील माली देशास जाण्याची तयारी केली.

वाळवंटाच्या कडेला सिजिलमासा नावाचे शहर होते. तेथे तो एका गृहस्थाच्या घरी उतरला. बोलता बोलता उमगले, की या यजमानाचा सख्खा भाऊ त्याला पूर्वी चीनमध्ये भेटला होता! दोन भावांमध्ये केवढे हे अंतर, याचे इब्न बतूतालाही नवल वाटले. त्याने तेथे उंट विकत घेतले, त्यांना चार महिने चारा घालून पुष्ट केले आणि इ. स. १३५२ च्या फेब्रुवारीत तो तांड्याबरोबर निघाला.

पंचवीस दिवसांनी तगाझा आले. या गावी झाड म्हणून नव्हते. घरे मिठाच्या चिऱ्यांनी बांधलेली आणि वर छप्पर उंटाच्या कातड्याचे. गुलाम जमीन खणून मिठाच्या जाड लाद्या काढीत आणि त्या उंटांवर लादून दूरच्या बाजारांत जात. पाणी खारट, माश्या अतोनात. याच्यापुढे दहा दिवसांची वाट पाण्यावाचूनची. आरंभी इब्न बतूता आपल्या नेहमीच्या उत्साहाने तांड्याच्या पुढे जात असे. एके दिवशी भांडणामुळे मागे रेंगाळलेला एक सोबती वाळवंटात हरवला, तो पुन्हा सापडलाच नाही. त्या दिवसापासून इब्न बतूता तांड्याच्या ना पुढे गेला, ना मागे राहिला. त्यांचा वाटाड्या एका डोळ्याने आंधळा होता आणि त्याचा दुसरा डोळा रोगाने अधू झाला होता. तरीही ती वाट त्याच्याइतकी कोणास ठाऊक नव्हती.

मालीचा राजा मनसा सुलेमान याच्याकडून भेट आल्याचे कळले, तेव्हा वस्त्रे आणि द्रव्य मिळेल या आशेने इब्न बतूता उठून उभा राहिला. पाहतो तो तीन भाकरी, तेलात तळलेला मांसाचा तुकडा आणि भोपळ्याच्या तुंब्यात आंबट दही! दिल्लीच्या दरबारात हजारो दिनार पाहिलेल्या या पाहुण्याला हसू आवरेना. तथापि त्या देशातील सुरक्षितता आणि न्याय यांची त्याने मनःपूर्वक प्रशंसा केली आहे.

परतीच्या वाटेवर टिंबक्टू आणि गाओ पाहून तो तकेद्दा गावी आला असता, सुलतान अबू इनानची आज्ञा त्याच्या हाती पडली. राजधानीस परत यावे, असा तो हुकूम होता. इ. स. १३५३ च्या सप्टेंबरात तो निघाला. ॲटलस पर्वत ओलांडताना बर्फ पडत होते. समरकंद, बुखारा आणि तुर्कांच्या देशांतील बर्फ त्याने अनुभवलेले होते. परंतु याहून कठीण वाट आपण पाहिली नाही, असे तो म्हणतो. त्याच्या आयुष्यातील ती शेवटची मोठी वाट ठरली.

फेजच्या दरबारात तो आपल्या हकीगती सांगू लागला. दिल्लीच्या सुलतानाच्या मिरवणुकीत हत्तींवरून लोकांवर नाणी उधळली जातात, असे तो सांगे आणि लोक एकमेकांकडे पाहत. हा खोटे बोलतो, अशी कुजबुज सुरू झाली. घर सोडताना ट्यूनिसच्या रस्त्यात तो एकटा पडला होता. आता स्वदेशातही, आपण पाहिलेले ज्याने पाहिले आहे असा एकही माणूस त्याला मिळेना. ही कुजबुज तरुण इब्न खल्दूनच्या कानीही आली. हा पुढे थोर इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आला. त्याने वजिराजवळ आपली शंका बोलून दाखवली. वजिराने त्याला तुरुंगात वाढलेल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. त्या मुलाने उंदरांखेरीज दुसरा प्राणी पाहिलेला नव्हता. बाप त्याला मेंढीचे वर्णन करून सांगे, तेव्हा मेंढी म्हणजे एक प्रकारचा उंदीरच, असे तो समजे. आपण पाहिले नाही म्हणून एखादी गोष्ट खोटी मानू नये, असा वजिराचा अभिप्राय होता.

सुलतानाने आज्ञा केली, की इब्न बतूताने सर्व प्रवास सांगावा आणि तो लिहून काढावा. लेखनिक म्हणून नेमणूक झाली ती इब्न जुझय्यची, ग्रानाडाच्या बागेतील त्याच तरुणाची. इब्न बतूताची काही टिपणे मागे चाच्यांच्या लुटीत गेली होती. म्हणून बहुतेक सारे स्मरणावर विसंबून सांगावयाचे होते. टँजिअरच्या वेशीपासून त्याने आरंभ केला. एका वाटेने दोनदा जावयाचे नाही, असा ज्याचा नियम, तो आता फेजमध्ये एका ठिकाणी बसून सगळ्याच वाटा पुन्हा चालला. गावांची नावे, राजांची नावे, कोठे कोणते फळ मिळते, कोणी जेवावयास काय वाढले, कोणी पाहुणचार केला, कोणी केला नाही, हे सर्व त्याने सांगितले. काही ठिकाणी त्याची स्मृती चुकली आहे आणि काही वर्णने ऐकीव असावीत, असे आजचे विद्वान मानतात. परंतु चौदाव्या शतकातील जगाचे इतके विस्तृत चित्र दुसऱ्या कोणत्याही प्रवाशाने दिलेले नाही. सुमारे १ लाख १७ हजार किलोमीटरांचा हा प्रवास होता. इ. स. १३५५ च्या डिसेंबरात सांगणे संपले. हा ग्रंथ ‘रिहला’ म्हणजे ‘प्रवास’ या नावाने ओळखला जातो. युरोपातील विद्वानांना तो पुष्कळ उशिरा कळला. पॅरिसमध्ये १८५३ ते १८५८ या काळात तो फ्रेंच भाषांतरासह छापला गेला.

लेखन पुरे झाल्यावर थोड्याच काळात इब्न जुझय्य तरुण वयातच मरण पावला. इब्न बतूता त्यानंतर दहा-बारा वर्षे जगला. त्याला मोरोक्कोतच काझीचे पद मिळाले. ज्या कामासाठी त्याला लहानपणी शिकवले होते, तेच काम, शेतजमिनीचे तंटे आणि वारसांचे वाद ऐकण्याचे, तो म्हातारपणी करू लागला. इ. स. १३६८ किंवा १३६९ मध्ये त्याचे निधन झाले. मालीहून परतल्यानंतर त्याने पुन्हा दूरचा प्रवास केल्याची नोंद नाही.