संत कॅथरीन ड्रेक्सेल : दानापासून आत्मदानापर्यंत

द्रव्यदान करणारे पुष्कळ असतात. द्रव्याबरोबर स्वतःचे आयुष्यही अर्पण करणारे विरळा. अशा विरळा दात्यांमध्ये संत कॅथरीन ड्रेक्सेल यांची आम्ही गणना करतो.

२६ नोव्हेंबर १८५८ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका धनाढ्य बँकरच्या घरी त्यांचा जन्म झाला. सावत्र आई एमा घरी येणाऱ्या गोरगरिबांना नियमितपणे मदत करीत व मुलींनाही त्या कामात सहभागी करून घेत. १८८५ साली वडील निवर्तले. सुमारे दीड कोटी डॉलरच्या संपत्तीचा दशांश त्यांनी धर्मादाय संस्थांना दिला होता; उरलेल्या मुद्दलाचे केवळ उत्पन्न तिन्ही मुलींना मिळणार होते. मुलींच्या पश्चात वारस नसल्यास ते मुद्दलही त्याच संस्थांकडे जाणार होते.

१८८७ मध्ये कॅथरीन यांनी पोप तेरावे लिओ यांच्याकडे अमेरिकेतील मूलनिवासींसाठी मिशनरी मागितले. तेव्हा त्यांनी स्वतःच मिशनरी व्हावे, असे पोपमहोदयांनी सुचविले. बराच काळ मनन केल्यावर १८९१ साली त्यांनी व्रतबंधन स्वीकारले आणि मूलनिवासी व कृष्णवर्णीय यांच्या सेवेसाठी ‘सिस्टर्स ऑफ द ब्लेस्ड सॅक्रमेंट’ हा धर्मभगिनींचा संघ स्थापिला.

त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाला कायद्याचेच पाठबळ होते. अशा वेळी त्यांनी १९१५ साली न्यू ऑर्लिन्स येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी शाळा उघडली. १९२५ मध्ये तिचे महाविद्यालय झाले. तेच आजचे झेवियर विद्यापीठ. तेथे शिकलेल्या तरुणांनी खेड्यापाड्यांतील शाळा चालविल्या. १९२२ साली टेक्सासमध्ये कू क्लक्स क्लॅनने धमक्या दिल्या, तरी कार्य थांबले नाही.

सुमारे दोन कोटी डॉलर खर्चणाऱ्या या भगिनी स्वतः मात्र पेन्सिलीचा अखेरचा तुकडाही वाया जाऊ देत नसत. ३ मार्च १९५५ रोजी, वयाच्या ९६व्या वर्षी त्या प्रभुचरणी विलीन झाल्या आणि उत्पन्नाचा झरा आटला. वडिलांच्या निधनानंतर स्थापन झालेल्या त्यांच्या संघाला मुद्दलातील वाटा मिळाला नाही. तरीही त्यांनी घडविलेले शिक्षक मागे होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी त्यांना संतपद बहाल केले.

मृत्युपत्राने पैशाला मुदत घातली होती. सेवेला ती घालता आली नाही, हेच या चरित्राचे सार आम्ही मानतो.