तांबेऱ्याची ‘वंशावळ’ मांडणारा माणूस : डॉ. एल्विन स्टॅकमन

गव्हाच्या एखाद्या वाणाची आपल्याला सवय झालेली असते. पाच-सहा वर्षे त्यावर तांबेरा येत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. मग एका हंगामात त्याच वाणाच्या पानावरून बोट फिरवले की विटकरी भुकटी बोटाला लागते. बियाणे भेसळीचे होते का, फवारणी चुकली का, असे प्रश्न आपण विचारू लागतो. बऱ्याचदा उत्तर वेगळेच असते. बियाणे तेच असते, बदललेली असते ती बुरशी. ही गोष्ट शास्त्राला ज्यांनी पटवून दिली, त्या अमेरिकन शास्त्रज्ञाची, डॉ. एल्विन चार्ल्स स्टॅकमन यांची ओळख आज करून घेऊ.

गहूपट्ट्यातील बालपण

स्टॅकमन यांचा जन्म १७ मे १८८५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. त्यांचे बालपण शेजारच्या मिनेसोटा राज्यात, गहू पिकवणाऱ्या भागात गेले. काळा तांबेरा आला की उभे पीक कसे बसते, हे तिथल्या मुलांना पुस्तकात वाचावे लागत नसे. १९०६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शाळेत शिकवले. १९०९ मध्ये ते पुन्हा विद्यापीठात आले, वनस्पती रोगशास्त्राकडे वळले आणि १९१३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढची चाळीस वर्षे त्यांनी त्याच विद्यापीठात काढली.

१९१६ चा फटका

१९१६ च्या हंगामात अमेरिका आणि कॅनडाच्या गव्हावर काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली. दोन्ही देशांचे मिळून सुमारे ३० कोटी बुशेल, म्हणजे जवळपास ८० लाख टन गव्हाचे नुकसान झाले. तेव्हा मार्क्विस हा वाण फार मोठ्या क्षेत्रावर होता. तो चांगला उतारा देणारा होता, पण या तांबेऱ्यापुढे टिकला नाही. पहिले महायुद्ध चालू होते, त्यामुळे गव्हाची टंचाई सगळ्यांनाच जाणवली.

काळ्या तांबेऱ्याला आयुष्यक्रम पूर्ण करायला गव्हाखेरीज दुसरे एक झाड लागते, ते म्हणजे बार्बेरीचे झुडूप. आपल्याकडच्या दारुहळदीचे हे भाऊबंद. १९१८ पासून अमेरिकेच्या तेरा राज्यांत बार्बेरी उपटण्याची मोहीम सुरू झाली आणि सुरुवातीला तिची धुरा स्टॅकमन यांच्याकडे होती. झुडपे खणून काढली गेली, मुळांवर मीठ आणि रॉकेल टाकले गेले, शाळेतली मुलेसुद्धा शोधकामाला लागली. पुढच्या काही दशकांत अशी कोट्यवधी झुडपे नष्ट झाली.

एक बुरशी, अनेक वंश

त्या काळी बऱ्याच जाणकारांचा समज असा होता की, तांबेरा ज्या पिकावर वाढतो त्याप्रमाणे हळूहळू आपला स्वभाव बदलतो. हे खरे असेल, तर प्रतिकारक वाण काढणे म्हणजे वाळूत पाणी ओतणे. स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज प्रयोगाने तपासला. तांबेरा वेगवेगळ्या यजमान वनस्पतींवर वाढवून पाहिला, तरी त्याचा स्वभाव त्यांना बदललेला दिसला नाही. उलट १९१७ मध्ये त्यांना दिसले की, गव्हावर येणारा काळा तांबेरा एकच नाही. डोळ्यांना सारखे दिसणारे त्याचे अनेक वंश आहेत. एक वंश ज्या वाणाला हात लावू शकत नाही, त्याच वाणावर दुसरा सहज फोफावतो.

हे वंश ओळखायचे कसे? सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखेच दिसतात. म्हणून स्टॅकमन आणि मोझेस लेव्हिन यांनी गव्हालाच परीक्षक केले. त्यांनी गव्हाचे १२ वाण निवडले. प्रत्येकाच्या कोवळ्या रोपांवर तांबेऱ्याचा नमुना सोडायचा आणि साधारण दोन आठवड्यांनी पुटकुळ्या तपासायच्या. काहीच नाही तर ०, आणि मोठ्या, भरलेल्या पुटकुळ्या असतील तर ४. बारा रोपांवरचे हे उत्तर जुळवले की वंशाची ओळख पटते. १९२२ मध्ये त्यांनी असे ३७ वंश प्रसिद्ध केले. पुढे ही संख्या शेकड्यांवर गेली.

बारा वाणांत आपला खपली

या बारा वाणांच्या यादीत एका टोकाला ‘लिटल क्लब’ होता, ज्यावर जवळपास प्रत्येक वंश वाढत असे. दुसऱ्या टोकाला जे नाव होते, ते वाचून तुम्हाला बरे वाटेल. ते नाव होते ‘खपली’. होय, आपल्याकडे पुरणपोळी आणि खिरीसाठी राखून ठेवलेला खपली गहू. भारतातून गेलेले हे बियाणे तिथल्या नोंदीत मराठी नावानेच राहिले. तेव्हाचे जवळपास सर्व वंश खपलीपुढे हतबल होत. पुढे खपलीतून काळ्या तांबेऱ्याविरुद्धची जनुके सामान्य गव्हात आणली गेली आणि आजही पैदासकार त्यांचा उपयोग करतात. आपल्या आजोबांनी कमी उतारा देणारा म्हणून मागे टाकलेला वाण जगाच्या प्रयोगशाळेत मोलाचा ठरला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वाऱ्यावर येणारा शत्रू

एका पुटकुळीत हजारो बीजाणू असतात. ते किती दूर जातात, हे पाहण्यासाठी स्टॅकमन यांच्या चमूने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला विमानांतून चिकट काचपट्ट्या वर नेल्या. दहा हजार फुटांहून अधिक उंचीवरही त्यांना बीजाणू सापडले. मेक्सिको आणि टेक्सासमध्ये थंडीत जगलेला तांबेरा वाऱ्याबरोबर उत्तरेकडे कॅनडापर्यंत जातो, हे या कामातून स्पष्ट झाले. म्हणजे फक्त आपल्या गावची बार्बेरी तोडून प्रश्न पूर्ण सुटत नव्हता. पण त्या मोहिमेचा फायदा मोठा झाला. बार्बेरीवर तांबेऱ्याच्या दोन वंशांचा संकर होतो आणि नवे वंश तयार होतात. झुडपे गेली तसे नवे वंश जन्मण्याचे ठिकाणही आक्रसले.

जिंकलेली लढाई पुन्हा हरणे

स्टॅकमन यांच्या आयुष्यातील सर्वात कठीण धडा इथून पुढे सुरू होतो. ‘सेरेस’ नावाचा प्रतिकारक वाण शेतकऱ्यांनी आनंदाने पेरला. १९२८ मध्ये ५६ क्रमांकाचा वंश आढळला तेव्हा तो अगदी थोडा होता. काही वर्षांत तो सर्वत्र झाला आणि १९३५ च्या साथीत सेरेस कोलमडला. पाठोपाठ ‘थॅचर’सारखे नवे वाण आले आणि बरीच वर्षे शांततेत गेली. मग १९५० मध्ये १५बी हा वंश झपाट्याने पसरला. १९५३ आणि १९५४ मध्ये शेवया-पास्त्यासाठीच्या ड्युरम गव्हाचे निम्म्याहून अधिक पीक तांबेऱ्याने खाल्ले. स्टॅकमन त्याच सुमारास, १९५३ मध्ये निवृत्त होत होते. तीन दशकांचे काम समोर कोसळताना दिसले, तरी त्यांची भूमिका तीच राहिली. वाण काढून थांबायचे नाही, दरवर्षी शेतातून नमुने गोळा करायचे, कोणता वंश वाढतो आहे ते पाहायचे आणि पुढचा वाण आधीच तयार ठेवायचा.

भारताशी जोडलेला धागा

१९३० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅकमन यांचे तांबेऱ्यावरचे एक व्याख्यान वनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने ऐकले आणि तो वनस्पती रोगशास्त्राकडे वळला. तो विद्यार्थी म्हणजे नॉर्मन बोरलॉग. १९४१ मध्ये मेक्सिकोच्या शेतीची पाहणी करणाऱ्या तिघांत स्टॅकमन होते. त्या पाहणीतून सुरू झालेल्या कार्यक्रमात बोरलॉग १९४४ मध्ये दाखल झाले आणि तिथला बुटका, तांबेरा सहन करणारा गहू १९६० च्या दशकात भारतात आला.

आपल्या देशात तांबेऱ्याचा माग काढला तो आग्रा कॉलेजचे प्रा. करमचंद मेहता यांनी. मैदानी भागातल्या कडक उन्हाळ्यात तांबेरा मरतो, पण डोंगराळ भागातल्या गव्हावर तो जगतो आणि हंगामात खाली उतरतो, हे त्यांनी दाखवले. आपल्याकडे बार्बेरीचा यात विशेष वाटा नाही. दक्षिणेत काळ्या तांबेऱ्याचे घर निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत आहे. आपल्या महाबळेश्वरलाही याच कामासाठी गहू गेरवा संशोधन केंद्र आहे.

स्टॅकमन यांचे निधन २२ जानेवारी १९७९ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, युगांडातील एका नव्या वंशाला ‘यूजी ९९’ हे नाव मिळाले. जगभरातील अनेक वाण ज्या एका जनुकावर विसंबून होते, तेच त्याने निकामी केले होते.

तुमच्या शेतासाठी यातून काय घ्यावे?

• सगळ्या शिवारात एकच वाण नको. शिफारस केलेले दोन-तीन तांबेरा प्रतिकारक वाण विभागून पेरा.
• वाण जुना झाला असेल, तर त्याची प्रतिकारशक्ती अजून टिकून आहे का, हे कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा.
• पेरणी वेळेवर करा. नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा जास्त देऊ नका.
• आपोआप उगवलेली गव्हाची रोपे काढून टाका.
• प्रतिकारक म्हणवल्या जाणाऱ्या वाणावर पुटकुळ्या दिसल्या तर दुर्लक्ष करू नका. लगेच कृषी सहायकांना कळवा. नवा वंश आल्याची ती पहिली खूण असू शकते.
• तांबेरा दिसताच प्रोपिकोनॅझोल (२५ ईसी) १० मि.लि. प्रति १० लिटर पाणी या प्रमाणात फवारणी करा. लेबलवरील सूचना पाळा.
• घरात खपलीसारखे जुने बियाणे असेल तर ते मोडू नका. दरवर्षी चार ओळी तरी पेरा आणि बी राखून ठेवा.