पहिला क्रमांक आणि त्यानंतर

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी झाला. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. केंब्रिजला त्यांनी विज्ञान घेतले. वनस्पतिशास्त्रात बक्षीस मिळवले. १९१८ साली लंडनला आयसीएस परीक्षेतही ते पहिले आले.

माझी आतेबहीण चेन्नईला अण्णानगरमध्ये राहून यूपीएससीची तयारी करते. ताई सांगते, तिथे बरेच जण नवनवीन पुस्तके आणतात, पण जुनी पुन्हा वाचत नाहीत. उत्तरे लिहून पाहत नाहीत. मित्राने घेतला म्हणून तोच ऐच्छिक विषय घेतात. दुसऱ्यांदा यादीत नाव आले नाही तेव्हा सगळे संपले, असे ताईला वाटले होते. यंदा तिचा तिसरा प्रयत्न आहे.

देशमुखांचे चरित्र वाचून मला वाटते, निकालालाच शेवट समजणे ही सर्वांत मोठी चूक. त्यांचे मोठे काम निकालानंतरचे आहे. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री. संस्कृतची आवडही जपली; मेघदूत मराठीत आणले. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आम्हा कॅडेट्सची एनडीएची परीक्षाही यूपीएससीच घेते. माझ्या तयारीच्या वहीत पहिल्या पानावर मी १९१८ च्या शेजारी १९५६ हे सालही लिहिले आहे.