राहून गेलेला तास

शाळेत एखादा तास बुडाला की मुले खूश होतात. बाई आलेल्या नाहीत, चला मैदानावर, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण एक तास असा बुडाला की तो भरून काढायला बत्तीस वर्षे लागली. तो तास घेणाऱ्या बाईंचे नाव क्रिस्टा मॅकऑलिफ. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना ज्यांचे ऋण मी मनोमन मानत आलो, त्यांत या बाई पहिल्या. गंमत अशी की त्या विज्ञानाच्या शिक्षिका नव्हत्याच!

२ सप्टेंबर १९४८ रोजी बोस्टनला त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत त्या थोरल्या. फ्रॅमिंगहॅम या गावी त्या वाढल्या आणि १९७० मध्ये तिथल्याच कॉलेजातून पदवीधर झाल्या. त्याच वर्षी लग्न झाले, मग मेरीलँडमध्ये शिक्षिकेची नोकरी आणि ती सांभाळून १९७८ मध्ये एम.ए. पुढे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कॉन्कॉर्ड हायस्कुलात त्या समाजशास्त्राचे विषय शिकवू लागल्या. राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा साध्या माणसांच्या जगण्यावर त्यांचा भर असे. अमेरिकन स्त्रियांच्या इतिहासाचा एक अभ्यासक्रमही त्यांनी स्वतः तयार केला होता. दोन मुलांची आई असलेली, चारचौघींसारखी ही शिक्षिका.

१९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केले की अवकाशात जाणारा पहिला सामान्य नागरिक शिक्षक असेल. अकरा हजारांहून अधिक शिक्षकांनी अर्ज केले. क्रिस्टाबाईंनी अर्जात रोजनिशी लिहिण्याची कल्पना मांडली. घोडागाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या जुन्या काळच्या बायकांनी प्रवासाच्या नोंदी ठेवल्या, तशाच आपणही ठेवू, असा त्यांचा विचार होता. १९ जुलै १९८५ रोजी त्यांची निवड जाहीर झाली. आयडाहोच्या प्राथमिक शिक्षिका बार्बरा मॉर्गन यांना राखीव म्हणून निवडले गेले.

त्यांच्यासोबत जायचे धडे मी नंतर पाहिले आणि थक्क झालो, ते त्यांच्या साधेपणाने. दोन तास यानातून थेट प्रक्षेपित व्हायचे होते. पहिला म्हणजे चक्क शाळेची सहल: यान कसे आहे, कोण काय काम करतो, जेवण आणि झोप कशी, हे दाखवणारा. दुसरा, माणसाने अवकाशात जावेच कशाला, यावर. याशिवाय सहा प्रयोगांचे चित्रीकरण ठरले होते. चुंबकत्व, न्यूटनचे नियम, फसफसणारी गोळी, मातीविना रोप, साधी यंत्रे आणि कागदावर शाईतले रंग वेगळे करणे. एकही गोष्ट अशी नाही, की जी खेड्यातल्या शाळेला परवडू नये.

यातली खरी युक्ती अशी, की अर्धा प्रयोग वर्गात आणि अर्धा आकाशात! मी नववीच्या वर्गात तो करू लागलो. पेल्यातल्या पाण्यात फसफसणारी गोळी टाकायची. बुडबुडे वर येतात. का येतात? पाणी जड, वायू हलका, असे उत्तर मिळते. मग विचारायचे, जिथे जड-हलके हा भेदच उरत नाही, तिथे बुडबुडा कुठे जाईल? अंदाज वहीत लिहायचा, आणि कारणही. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका देऊन टोक पाण्यात बुडवले की काळ्यातून निळा, तांबडा रंग सुटतो. पाणी कागदात चढते ते केशाकर्षणाने. मग यानातही ते पसरेल की नाही?

मुले हटकून सांगतात की वर गुरुत्वाकर्षण नसते. त्यांना मी गच्चीवर नेतो. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडून पाणी भरले की धार लागते. बाटली खाली सोडून दिली की पडेपर्यंत धार बंद! पाणी आणि बाटली एकाच वेगाने पडतात, म्हणून. तीनशे किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण सुमारे नव्वद टक्के शिल्लक असते; यान पृथ्वीभोवती सतत पडत असते, इतकेच.

२८ जानेवारी १९८६. रात्री पारा गोठणबिंदूखाली गेला होता. कॉन्कॉर्डच्या शाळेत मुले टीव्हीसमोर जमली होती. चॅलेंजर उडाले आणि ७३ सेकंदांत सातही जणांसह संपले.

कित्येक वर्षे मी वर्गात ही गोष्ट उड्डाणाआधीच थांबवत असे. एका मुलीने विचारले, मग त्या बाईंनी परत येऊन काय सांगितले? त्या दिवशी मला सारे सांगावे लागले. आता वाटते, ते टाळणेच चुकीचे होते. कारण त्या अपघातात आणखी एक धडा आहे. अग्निबाणाच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत दगा देईल, असे अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. वरिष्ठांनी ते मानले नाही. पुढे चौकशी आयोगासमोर रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढल्यावर तो लगेच पूर्ववत झाला नाही. हा प्रयोगही वर्गात करण्याजोगाच. पुराव्यापुढे हुद्दा लहान असतो, हे विज्ञानाचे पहिले कलम मुलांना याहून स्पष्ट कसे शिकवणार?

मृतांच्या कुटुंबीयांनी त्याच वर्षी पुतळ्यांऐवजी शिक्षणकेंद्रे उभारायचे ठरवले. तिथे काही मुले यानात, काही नियंत्रणकक्षात बसतात आणि मोहीम पार पाडता पाडता विज्ञान शिकतात. बार्बरा मॉर्गन ऑगस्ट २००७ मध्ये एन्डेव्हरमधून गेल्या. आणि २०१८ मध्ये जोसेफ अकाबा व रिकी अर्नोल्ड या दोन अंतराळवीरांनी, जे मुळात शिक्षकच होते, अवकाशस्थानकात बाईंच्या काही प्रयोगांचे धडे करून दाखवले.

ते चित्रण मी वर्गात लावले. बुडबुडे वर गेले नाहीत, पाण्यातच घोटाळत राहिले. अंदाज चुकलेली मुले हिरमुसली नाहीत. आपण कुठे चुकलो हे वहीत शोधू लागली. वर्गात अशी शांतता क्वचित लाभते. बत्तीस वर्षे राहून गेलेला तास भरला होता. बाई तेवढ्या नव्हत्या.