गाणे फळ्यावर आणणारे वकील

स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ जण असणार हे दिसतच होते. म्हणून मी निवडला तो आपल्या संगीताच्या तासाला रोज हजर असलेला, पण आपण कधी न पाहिलेला एक माणूस.

आठवून पाहा. बाई पेटी बाजूला सारून फळ्यावर सोळा घरे आखायच्या. पहिल्या घराखाली फुली, नवव्याखाली शून्य, पाचव्याखाली दोन आणि तेराव्याखाली तीन. मग त्या घरांतून स्वर बसवायचे. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. आपल्याला वाटायचे, गाणे लिहायची हीच रीत पूर्वापार चालत आली असेल. ती तशी नव्हती. मुंबईतल्या एका वकिलाने ती घडवली होती. त्यांचे नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे.

त्यांचा जन्म वाळकेश्वरचा, १० ऑगस्ट १८६० चा. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घर गवयांचे नव्हते. लहानपणी बासरी, पुढे कॉलेजात असताना सतार, असे ते शिकत गेले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ साली बी.ए. झाले, १८८७ साली कायद्याची पदवी घेतली, काही काळ कराचीला वकिलीही केली. पण खरे शिक्षण चालले होते ते पारसी गायन उत्तेजक मंडळीत. ही संस्था १८७० साली मुंबईत निघाली होती. भातखंडे १८८४ साली तिचे सभासद झाले. तिथे त्यांना रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे आणि अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल मिळाले. शिकता शिकता ते तिथे शिकवूही लागले.

तिथेच त्यांच्या वकिली डोक्याला प्रश्न पडू लागले. एकच राग दोन उस्ताद दोन तऱ्हांनी गातात. मग खरा कोणता? विचारावे तर उत्तर एकच, आमच्या घराण्यात असेच चालते. ग्रंथ उघडावेत तर त्यांत आजच्या गाण्याशी जुळणारे फारच थोडे. भरत आणि शार्ङ्गदेव यांची नावे सगळे घ्यायचे, पण त्यांच्या ग्रंथातला राग गाऊन दाखवा म्हटले की गप्प बसायचे.

१९०० साली पत्नी वारली. १९०३ साली मुलगीही गेली. पुढच्याच वर्षी ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो मी आवरतो. मद्रास, तंजावर, मदुरा असे करीत ते एट्टयपुरमला गेले आणि तिथे सुब्बराम दीक्षितरांना भेटले. व्यंकटमखीच्या ७२ मेळांची व्यवस्था पाहून त्यांना उत्तरेकडच्या पसाऱ्यालाही अशी काही शिस्त लावता येईल, याची खात्री पटली. पुढे १९०७ आणि १९०८ साली नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर, बिकानेर अशी भ्रमंती झाली. जिथे जात तिथे गवयांना ऐकत, पंडितांना प्रश्न विचारत, हस्तलिखिते उतरवून घेत आणि रात्री रोजनिशी लिहीत. १९१० च्या सुमारास वकिली सोडली ती कायमचीच.

या सगळ्यातून निघाले ते काम थोडक्यात सांगतो. शेकडो राग त्यांनी दहा थाटांत बसवले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. आपण हे पाढ्यासारखे पाठ केले होते. काही राग या दहांत नीट बसत नाहीत, हे पुढे अनेकांनी दाखवून दिले आणि ते बरोबरही आहे. पण आधी कपाट असावे लागते. न मावणाऱ्या वस्तू त्यानंतरच कळतात.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा इतिहासाकडे पाहण्याचा सरळपणा. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नाव ‘श्रीमल्लक्ष्यसङ्गीतम्’. लक्ष्य म्हणजे आज प्रत्यक्ष गायले जाते ते. जुने शास्त्र आणि आजचे गाणे यांत विरोध आला तर आजच्या गाण्याचे ऐकायचे, आणि आजचे गाणे दोन हजार वर्षे जसेच्या तसे चालत आले आहे अशी बढाई मारायची नाही, ही त्यांची भूमिका. त्या काळात हे बोलायला धैर्य लागत होते. आजही लागते.

‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ मराठीत आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पहिला भाग १९१० चा, शेवटचा १९३२ चा. सगळा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाचा. त्यातला शिष्य नुसता मान डोलावत नाही. तो शंका काढतो, अडवतो, मागे सांगितलेल्याची आठवण करून देतो. ज्या काळात उस्तादाला प्रश्न विचारणे हाच उद्धटपणा होता, त्या काळात असा विद्यार्थी कागदावर तरी उभा केला, हे मला फार मोठे वाटते.

मग आल्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा पुस्तकांतल्या दीड हजारांहून अधिक चिजा. घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या या बंदिशी रुपया-आण्यांत कुणालाही मिळू लागल्या. त्या काही आकाशातून पडल्या नव्हत्या. जयपूरच्या मनरंग घराण्याच्या महंमद अली खाँ यांच्या मुलांनी आणि रामपूरच्या वजीर खाँ यांच्यासारख्यांनी त्या दिल्या. भातखंड्यांच्या लिखाणात उस्तादांविषयी कधी कधी जो तुसडेपणा डोकावतो तो म्हणूनच मला खटकतो. ज्यांच्या गळ्यातून विद्या मिळाली त्यांना अडाणी ठरवणे शोभत नाही. दुसऱ्या बाजूने, दार लावून बसलेल्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्याची चीडही समजते.

स्वतः त्यांनी ‘चतुर’ या नावाने लक्षणगीते रचली. लक्षणगीत म्हणजे ज्या रागाचे त्याच रागात बांधलेले असे गीत, की ज्याच्या शब्दांतच त्या रागाचा थाट, वादी, संवादी आणि वर्ज्य स्वर सांगितलेले असतात. मूल गात गातच नियम पाठ करते. चाल, शास्त्र आणि रचना एकाच तासात!

१९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी सात गवयांना मुंबईला त्यांच्याकडे धाडले. मुरलेल्या गवयांनी पुन्हा पाटी-पेन्सिल हाती घेऊन स्वरलेखन शिकायचे! राजाभैया पूंछवाले त्यांपैकी एक. १९१८ साली ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय निघाले, १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज. तेच आज भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

याच काळात दुसरे विष्णु, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून बसले होते. त्यांची स्वरलिपी वेगळी, वाट वेगळी. ते गवई होते, हे वकील. दोघांचे फारसे जमले नाही, पण मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींसाठी गाण्याचे दार उघडले ते दोघांनी मिळून, असेच म्हणावे लागते.

आता मुख्य प्रश्न. गाणे वर्गात शिकवता येते का? आमच्या बाईंनी नववीत एक प्रयोग केला होता. भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. फळ्यावर लिहिले तर दोन्ही सारखेच दिसतात. बाईंनी ते लिहून पुसून टाकले, आम्हाला डोळे मिटायला लावले आणि आधी एक गायल्या, मग दुसरा. एकात गाणे गंधाराशी येऊन विसावत होते, दुसऱ्यात धैवतापाशी ताठ उभे राहत होते. भातखंड्यांनी एकाचा वादी ग, दुसऱ्याचा ध असे लिहून ठेवलेच आहे. पण ते वाक्य आमच्यासाठी जिवंत झाले ते कानाने. पुढच्या तासाला दोन्हींत चार-चार ओळींची सरगम बांधून आणायची होती. निम्म्या वर्गाचे देशकार भूपच निघाले, माझे तर नक्कीच. त्यानंतर सहामाही परीक्षा आली आणि संगीताचा तास गणिताला गेला, तो परत आला नाही.

लखनौलाही हीच अडचण होती. मॅरिस कॉलेजात १९२८ पासून प्राचार्य होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंड्यांचेच शिष्य. पण त्यांनीही बडोद्याला फैयाज खाँसाहेबांसमोर बसून तालीम घेतली होती. आणि के. जी. गिंड्यांसारखे त्यांचे नामवंत शिष्य लहानपणीच त्यांच्या घरी राहायला आले, दिवसरात्र गाणे ऐकत वाढले. वर्गाने गवई क्वचितच घडवले, हा आक्षेप म्हणूनच खोटा नाही. पण वर्गात बसलेल्या चाळीस मुलांपैकी अडतीस जणांना गवई व्हायचेच नव्हते. त्यांच्या कानाला देशकार ओळखता यावा, एवढे जरी झाले तरी त्या वकिलाचा खटला अर्धा जिंकला, असे मी धरतो.

१९३३ च्या सुमारास पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबईत त्यांचे निधन झाले. क्रमिक मालिकेचे पाचवे आणि सहावे पुस्तक छापून आले ते त्यानंतर.

माझी नववीची संगीताची वही सापडली आहे. देशकारच्या सरगमीवर बाईंची लाल फुली तशीच आहे, पण त्यापुढची दोन पाने फाटलेली आहेत. त्यांत बाईंनी स्वतः बांधलेली सरगम होती. कुणाच्या वहीत ती असेल तर संमेलनाला येताना कृपा करून घेऊन या. पेटीची सोय मी करतो.